बासरी शिकायला गेलेली मुलगी

घरातली मुलगी संध्याकाळी क्लासला जाते आणि साडेसात वाजले तरी परतत नाही. आई गॅलरीत येऊन उभी राहते. वडील वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करतात, पण डोळे घड्याळावर असतात. आठ वाजता कुणीतरी पायांत चपला सरकवून नाक्यापर्यंत जाऊन येते. बहुतेक घरांत साडेआठपर्यंत मुलगी येते. बस चुकलेली असते, मैत्रिणीकडे बोलत बसलेली असते. थोडी रागवारागवी होते आणि पाने वाढली जातात.

ज्या घरी ती मुलगी पुन्हा कधीच आली नाही, अशा एका घराची हकिकत मी आज वाचकांना सांगणार आहे. ते घर मुंबई-पुण्यातले नव्हे. ते आहे रोम शहरात, पोपमहाराजांच्या व्हॅटिकन नगरीच्या तटाआत. परंतु ही हकिकत वाचताना तिथले तट, घुमट आणि कार्डिनलांचे लाल झगे हळूहळू दिसेनासे होतात आणि आपल्यापुढे उरते ते चारचौघांसारखे एक मध्यमवर्गीय घर. म्हणूनच ती सांगावीशी वाटली.

तटाआतले घर

व्हॅटिकन हे जगातले सर्वांत चिमुकले राष्ट्र. १९२९ साली इटलीशी झालेल्या लॅटरन करारान्वये ते स्वतंत्र झाले. क्षेत्रफळ अवघे ४४ हेक्टर, म्हणजे सुमारे १०९ एकर. वस्ती हजाराच्या आत. त्यात बहुतेक धर्मगुरू आणि पोपमहाराजांचे स्विस पहारेकरी. प्रपंचातली माणसे थोडी. जी आहेत ती तिथल्या नोकरवर्गातली.

अशा मोजक्या बिऱ्हाडांपैकी एक ओर्लांदी यांचे. एर्कोले ओर्लांदी हे पोपमहाराजांच्या गृहविभागात कर्मचारी होते. हुद्दा मोठा नव्हता, पण नोकरी मानाची होती आणि घराण्यात पोपच्या सेवेची परंपरा होती. पाच मुले, त्यांत चार मुली आणि एक मुलगा. एमान्युएला ही चौथी. तिचा जन्म १४ जानेवारी १९६८ चा. तटाआतल्या बागा हेच या मुलांचे खेळण्याचे अंगण. रात्री दरवाजे बंद होत, पहारेकरी उभे राहत. जगात याहून सुरक्षित जागा शोधून सापडली नसती, असे त्या मुलांनी मोठेपणी म्हटले आहे, आणि ते खरेच होते.

एमान्युएला माध्यमिक शाळेत शिकत होती. गाण्याची आवड होती. तटाआतल्या सेंट अ‍ॅनच्या देवळात भजनमंडळात ती गात असे. आठवड्यातून तीनदा ती रोमच्या जुन्या वस्तीतल्या सांत-अपोल्लिनारे चौकात एका संगीतशाळेत बासरी शिकायला जाई. ही शाळा त्याच नावाच्या चर्चला लागूनच होती. या चर्चचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

ती संध्याकाळ

२२ जून १९८३, बुधवार. उन्हाळ्याचे दिवस; शाळेचे वर्ष संपले होते, संगीताचे वर्ग तेवढे चालू होते. दुपारी निघताना एमान्युएलाने थोरला भाऊ पिएत्रो याला म्हटले, मला मोटारसायकलवरून सोडतोस का? त्याला दुसरे काम होते. दोघांची थोडी बाचाबाची झाली आणि ती दार आपटून गेली. भावाबहिणींत अशी भांडणे कुठल्या घरी होत नाहीत? रात्रीच्या जेवणापर्यंत ती विसरलीही जातात. पिएत्रोच्या बाबतीत मात्र ते जेवण आलेच नाही. त्या दुपारविषयी तो पुढे चाळीस वर्षे बोलत आला आहे.

त्या दिवशी एमान्युएला वर्गात उशिरा पोचली. संध्याकाळी सातच्या सुमारास तिने बाहेरून घरी टेलिफोन केला. आई-वडील बाहेर गेले होते; टेलिफोन बहिणीने घेतला. एमान्युएलाने सांगितले की, वाटेत एक गृहस्थ भेटले. एका मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचे म्हणून त्यांनी काम देऊ केले आहे. एका फॅशन-प्रदर्शनात कंपनीचा माल लोकांपुढे मांडायचा, पत्रके वाटायची. काही तासांचे काम, आणि मोबदला मात्र भरपूर. बहिणीला ते काही पटले नाही. आधी घरी ये, आईला विचार, मग बघू, असे तिने सुचवले. हेच तिचे घरच्यांशी शेवटचे बोलणे.

वर्ग सुटल्यावर ती मैत्रिणींबरोबर जवळच्या बसथांब्यावर आली. कामाची गोष्ट तिने मैत्रिणीलाही सांगितली. मैत्रीण बसने निघून गेली, एमान्युएला थांब्यावर राहिली. धाकटी बहीण ठरल्याप्रमाणे नदीपलीकडच्या न्यायमंदिरापाशी तिची वाट पाहत होती. दोघी मिळून घरी जायच्या होत्या. बहिणीने पुष्कळ वाट पाहिली आणि शेवटी ती एकटीच घरी आली.

त्या भागात इटलीच्या सिनेटची इमारत आहे. तिथे बंदोबस्तावर असलेल्या माणसांनी पुढे सांगितले की, त्या दिवशी एका मोटारीजवळ एक माणूस एका मुलीशी बोलताना आपण पाहिला. वर्णन जुळते, नाही जुळते, यावर मग वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. त्या कंपनीचा असा कुणी माणूस तिथे काम करीत नव्हता, हे मात्र लवकरच निष्पन्न झाले.

रात्री वडील आणि पिएत्रो संगीतशाळेच्या आसपासचे सारे रस्ते धुंडाळून आले. पोलिसांकडे गेले तर तिथे उत्तर मिळाले की, वयात आलेली मुलगी आहे, गेली असेल मैत्रिणींबरोबर. थोडा धीर धरा. रीतसर तक्रार नोंदली गेली ती दुसऱ्या दिवशी. मुलगी हरवल्यावर पहिल्या रात्रीइतके मोलाचे दुसरे काहीच नसते. माणसांना तोवर आठवते, पाहणारे सापडतात, मोटारीचा रंग डोळ्यांपुढे असतो. ती रात्र धीर धरण्यात गेली.

टेलिफोन वाजू लागला

वडिलांनी वर्तमानपत्रांत मुलीचा फोटो आणि घरचा टेलिफोन नंबर छापून आणला. रोमच्या भिंतींवर हजारो पत्रके लागली. कपाळावर पट्टी बांधलेली, किंचित हसणारी मुलगी. उंची १ मीटर ६० सेंटिमीटर. लांब काळे केस. अंगात जीन्सची पँट, पांढरा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट. एवढाच मजकूर. हा फोटो इटलीतल्या लहानथोरांच्या इतका परिचयाचा झाला की पुढच्या पिढीनेही तो पाहताक्षणी ओळखावा.

आणि टेलिफोन वाजू लागला. पहिल्या आठवड्यात स्वतःला ‘पिएरलुइजी’ म्हणवणारा एक तरुण बोलला. मग ‘मारिओ’ नावाचा कुणी बोलला. दोघांच्याही बोलण्याचा सूर एकच, की अशी मुलगी आम्ही पाहिली, ती प्रसाधने विकते, ती आपखुशीने घराबाहेर पडली आहे. त्यांच्या बोलण्यात बासरीचे, तिच्या चष्म्याचे असे बारकावे येत, त्यामुळे घरच्यांना वाटे की यांना नक्की काही ठाऊक आहे. टेलिफोन वाजला की घरातली सारी माणसे धावत.

३ जुलै १९८३ च्या रविवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटरच्या चौकात, जमलेल्या हजारो लोकांसमोर एमान्युएलाचे नाव घेतले आणि ज्यांच्याकडे या गोष्टीची जबाबदारी आहे त्यांच्या माणुसकीला आवाहन केले. तोवर मुलगी हरवली आहे असेच सारे म्हणत होते. त्या क्षणापासून मुलीला पळवली आहे, असे जगाने धरले.

दोनच दिवसांनी आणखी एक टेलिफोन आला. बोलणाऱ्याचे उच्चार परदेशी वाटले म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ‘अमेरिकन’ ठेवले. मुलगी आमच्या ताब्यात आहे, तिच्या बदल्यात मेहमेत अली आजा याला २० जुलैपर्यंत सोडा, अशी त्याची मागणी होती. वाचकांना हा आजा आठवत असेल. १३ मे १९८१ रोजी सेंट पीटरच्या चौकातच पोपमहाराजांवर गोळ्या झाडणारा तो तुर्की तरुण. त्या वेळी तो जन्मठेप भोगत होता. ‘अमेरिकन’ने ध्वनिफितीवर एका मुलीचा आवाज ऐकवला. पार्लमेंटजवळच्या कचऱ्याच्या टोपलीत एमान्युएलाच्या संगीतशाळेच्या ओळखपत्राची छायाप्रत सापडली. व्हॅटिकनच्या परराष्ट्रव्यवहाराचे प्रमुख कार्डिनल कासारोली यांच्याशी थेट बोलता यावे, अशीही त्याची मागणी होती आणि त्यासाठी एक खुणेचा आकडा ठरला, १५८.

२० जुलै उजाडला आणि मावळला. आजा तुरुंगातच राहिला. मुलगी आली नाही. ती जिवंत असल्याचा निर्विवाद पुरावा एकदाही कुणी दिला नाही.

पुढे तुर्कस्तानच्या नावाने पत्रके निघाली. त्यांत आणखी एका मुलीचा उल्लेख आला. मिरेल्ला ग्रेगोरी, वय १५, रोमचीच. एमान्युएलाच्या आधी दीड महिना, ७ मे १९८३ रोजी, दाराच्या घंटीवरून कुणीतरी तिला खाली बोलावले. शाळेतला मित्र आला आहे, जरा भेटून येते, असे आईला सांगून ती गेली ती गेलीच. ज्या मित्राचे नाव तिने सांगितले तो त्या दिवशी तिकडे फिरकलाही नव्हता. या दोन प्रकरणांचा परस्परांशी संबंध आहे, असे आजवर सिद्ध झालेले नाही. पण एमान्युएलाच्या नावावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही मिरेल्लाच्या वाट्याला आली नाही. तिचे घर व्हॅटिकनच्या तटाआत नव्हते, एवढाच काय तो तिचा अपराध!

१९८३ च्या नाताळात पोपमहाराज स्वतः ओर्लांदींच्या घरी आले. हा आंतरराष्ट्रीय दहशतवादाचा प्रकार आहे, असे त्यांनी सांगितल्याचे घरच्या मंडळींनी वेळोवेळी नमूद केले आहे. नंतर थोड्याच दिवसांत, २७ डिसेंबरला, पोपमहाराज रेबिब्बिया तुरुंगात गेले आणि ज्याने आपल्यावर गोळ्या झाडल्या त्या आजाचा हात हातात घेऊन बसले. ते छायाचित्र जगभर गेले. त्या क्षमेचे मोल मोठे आहेच. पण ते छायाचित्र पाहताना एर्कोले ओर्लांदींच्या मनात काय आले असेल, याचा विचार केल्यावाचून मला राहवत नाही.

थडगी उघडली गेली

वर्षे जात राहिली. १९९७ साली इटलीच्या न्यायखात्याने पहिला तपास बंद केला. तेव्हा असा निष्कर्ष निघाला की, आजाला सोडवण्याची मागणी हा मूळ प्रकार झाकण्यासाठी उभा केलेला देखावा असावा. पुढे पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्यातल्या एका जुन्या अधिकाऱ्याचे म्हणणेही प्रसिद्ध झाले की, त्या वेळची काही पत्रे आमच्याच खात्याने बनवून धाडली होती. पोपवरच्या हल्ल्यात बल्गेरियाचा हात आहे असा संशय तेव्हा घेतला जात होता. तो दुसरीकडे वळवण्यासाठी एका पंधरा वर्षांच्या मुलीचे नाव वापरले गेले!

२००५ साली निराळाच धागा निघाला. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारा एक कार्यक्रम इटलीच्या दूरचित्रवाणीवर होतो. त्याच्या कचेरीत एक निनावी टेलिफोन आला की, एमान्युएलाचे काय झाले हे जाणून घ्यायचे असेल तर सांत-अपोल्लिनारे चर्चमध्ये कोण पुरले आहे ते पाहा. संगीतशाळेला लागून असलेले ते चर्च हेच. तिथे पुरला होता एन्रिको दे पेदिस, रोमच्या मालियाना टोळीचा एक म्होरक्या. १९९० च्या फेब्रुवारीत भर रस्त्यात गोळ्या घालून त्याला मारले होते. एका गुंडाला अशा प्राचीन देवळात जागा कशी मिळाली, हा प्रश्न साऱ्या इटलीने विचारला. या टोळीचा पैसा व्हॅटिकनच्या बँकेत अडकला होता आणि तो वसूल करण्यासाठी मुलीला ओलीस ठेवले, असा एक तर्क पुढे आला. १९८२ साली बांको अम्ब्रोसियानो ही बँक बुडाली आणि तिचे प्रमुख रोबेर्तो काल्वी लंडनच्या एका पुलाखाली गळफास लागलेल्या स्थितीत सापडले, ही गोष्ट लोकांच्या स्मरणात होती. त्यामुळे हा तर्क अनेकांना पटला. १४ मे २०१२ रोजी ते थडगे उघडण्यात आले. आत दे पेदिसचेच शव निघाले. भोवतालच्या जुन्या हाडांची तपासणी झाली, तीतही काही हाती लागले नाही.

मग एकामागून एक जागा उकरल्या जाऊ लागल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात रोममधल्या व्हॅटिकनच्या वकिलातीत दुरुस्तीचे काम चालू असताना हाडे सापडली. वर्तमानपत्रांत मोठाले मथळे आले. तपासणीत हाडे इसवी सन ९० ते २३० च्या दरम्यानची ठरली, म्हणजे रोमन साम्राज्याच्या काळातली! २०१९ साली एका निनावी पत्रात मजकूर आला की, देवदूत जिकडे बोट दाखवतो आहे तिकडे पाहा. व्हॅटिकनमधल्या जर्मन दफनभूमीत तसे शिल्प होते. ११ जुलै २०१९ रोजी तिथली दोन थडगी उघडली. ती एकोणिसाव्या शतकात वारलेल्या दोन राजकन्यांची. दोन्ही थडगी पार रिकामी! राजकन्यांची हाडेही तिथे नव्हती. काही दिवसांनी जवळच्या इमारतीखाली हाडांचे ढीग सापडले, तेही जुन्या काळचे ठरले.

थडगे उघडण्याच्या दिवशी घरची माणसे जातीने हजर राहत. फरशी बाजूला होताना मनाची अवस्था कशी होत असेल? आत आपली मुलगी सापडावी असे वाटावे, की सापडू नये असे? दोन्ही इच्छा एकाच काळजात, एकाच वेळी. पुत्रशोकाला शब्द आहेत, विधी आहेत, तेराव्या दिवशी गोडाचे जेवण आहे. या अवस्थेला कुठल्याच भाषेत नाव नाही.

मला काय वाटते

या प्रकरणावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. २०२२ साली नेटफ्लिक्सवर चार भागांची मालिका आली आणि जगातल्या कानाकोपऱ्यांतल्या लोकांना ते ठाऊक झाले. जितकी पुस्तके तितके तर्क. तुर्की कट, रशियन कट, टोळीवाले, बँकवाले, धर्मगुरू. मी हे सारे वाचत आलो आहे. वाचताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा खटकते.

या साऱ्या तर्कांत मुलगी कुठे आहे? ती एक सोंगटी आहे. पोपच्या राजकारणातली, बँकेच्या व्यवहारातली, हेरांच्या खेळातली. कथानक जसजसे मोठे होत गेले तसतशी ती लहान होत गेली. आणि या गोंगाटात जी एकच ठोस गोष्ट पहिल्या दिवसापासून आपल्या हाती आहे, ती मागे पडली.

ती गोष्ट म्हणजे सातच्या सुमारास आलेला तो टेलिफोन. मागाहून आलेले सारे टेलिफोन परक्यांचे आहेत. हा एकच तिचा स्वतःचा आहे. तो सांगतो की, एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने तिला रस्त्यात गाठले, ओळखीच्या मोठ्या कंपनीचे नाव सांगितले, हलके काम आणि भारी पैसा देऊ केला. बळजबरी नाही, धाकदपटशा नाही. त्या वयाच्या मुलीला स्वतःची कमाई म्हणजे केवढे अप्रूप! आईला विचारीन म्हणाली, यावरून ती उतावळी नव्हती हेही दिसते. त्या माणसामागे कुणी राष्ट्र होते, टोळी होती, की तो एकटाच होता, हा पुढचा प्रश्न. पण कुठलाही तर्क खरा ठरायचा असेल तर तो या माणसापासून सुरू झाला पाहिजे. हा कोण, हे न सांगता जो तर्क थेट सिंहासनापर्यंत पोचतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला माझे मन तयार होत नाही.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. त्या घरी टेलिफोन करणाऱ्यांतले सगळेच गुन्हेगार नव्हते. काही वेडे होते, काही प्रसिद्धीचे भुकेले, काही निव्वळ चेष्टेखोर. आजाने स्वतः वेळोवेळी सांगितले की मुलगी जिवंत आहे, अमुक ठिकाणी आहे. तो २०१० साली तुर्कस्तानच्या तुरुंगातून सुटला, तरी त्याच्या बोलण्यातून काडीचे तथ्य निघाले नाही. २०१३ साली एका छायाचित्रकाराने आपलाही या प्रकारात हात होता असे सांगून एक बासरी पोलिसांपुढे आणली. ती एमान्युएलाचीच, असे तपासणीत सिद्ध होऊ शकले नाही. २०१७ साली तिच्यावर व्हॅटिकनने केलेल्या खर्चाचा म्हणून एक कागद प्रसिद्ध झाला. व्हॅटिकनने तो बनावट ठरवला. यातल्या प्रत्येक वेळी त्या घरातल्या माणसांनी आशेचा दिवा लावला आणि प्रत्येक वेळी तो विझला. खोटे बोलणारा चार दिवसांनी विसरून जातो. ऐकणारी आई विसरत नाही.

आणि तिसरी गोष्ट मौनाची. व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर लोंबार्दी यांनी २०१२ साली सविस्तर निवेदन काढून सांगितले की, आम्ही काहीही दडवलेले नाही, तपासाला सर्व साहाय्य केले आहे. हे म्हणणे नोंदवणे न्यायाचे आहे. पण तटाआतल्या अधिकाऱ्यांच्या जबान्या तिथल्या तिथे रीतसर घ्याव्यात, त्या घराच्या भोवतालच्या माणसांना प्रश्न विचारावेत, असा स्वतंत्र तपास व्हॅटिकनने सुरू केला तो २०२३ च्या जानेवारीत. चाळिसाव्या वर्षी! तोवर किती साक्षीदार देवाघरी गेले होते, किती कागद पिवळे पडले होते!

उत्तराची वाट

एर्कोले ओर्लांदी २००४ साली वारले. आपली फसवणूक झाली, ज्यांची सेवा केली त्यांनीच केली, हे शल्य घेऊन ते गेले, असे पिएत्रो सांगतो. वडिलांच्या मागे पिएत्रोने हा शोध आपल्या शिरावर घेतला. तरुणपणी मोटारसायकल उडवणारा तो मुलगा पिकल्या केसांचा झाला. बहिणीचा फोटो छापलेला सदरा घालून तो मोर्चे काढतो, सभा घेतो, लाखो लोकांच्या सह्या गोळा करतो. २०१३ साली नव्याने निवडून आलेले पोप फ्रान्सिस यांची आणि त्याची गाठ पडली तेव्हा पोप म्हणाले, एमान्युएला स्वर्गात आहे. सांत्वनाचेच शब्द ते. पण पिएत्रोच्या मनात लगेच प्रश्न उठला, की ती गेली हे यांना कसे कळले? ज्याला उत्तर मिळालेले नाही, त्याला सांत्वनातही पुरावा दिसतो. २०२३ च्या एप्रिलात तो दूरचित्रवाणीवर जॉन पॉल दुसरे यांच्याविषयी जे बोलला, त्याने पुष्कळ भाविक दुखावले आणि पोप फ्रान्सिस यांनी ते आरोप निराधार असल्याचे जाहीरपणे म्हटले. असे असूनही दोनच महिन्यांनी, २५ जून २०२३ च्या रविवारी, याच पोप फ्रान्सिसनी सेंट पीटरच्या चौकात एमान्युएलाचे नाव घेतले. तिच्या घरच्यांना, विशेषतः तिच्या आईला, आपण जवळ आहोत, असे सांगितले. चौकात तिचे फोटो हाती धरून माणसे उभी होती. जॉन पॉल यांनी याच चौकात तिचे नाव उच्चारले त्याला चाळीस वर्षे होत आली होती.

त्याच वर्षी रोमच्या सरकारी वकिलांनीही तपास पुन्हा उघडला आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी इटलीच्या सिनेटने एमान्युएला आणि मिरेल्ला या दोघींच्या प्रकरणांच्या चौकशीसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांची समिती नेमण्यास अखेरची संमती दिली. २०२४ साली समितीचे काम सुरू झाले. दोन्ही मुलींची नावे एका ओळीत आली, याचे मला विशेष समाधान वाटले. मिरेल्लाच्या घरच्यांनीही तितकीच वर्षे काढली आहेत, आणि तीही बिनबोभाट.

आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग त्याचे क्रियाकर्म करावे, अशी जुनी रूढी आहे. कठोर वाटते, पण त्यामागे शहाणपण असावे. वाट पाहण्यालाही कुठेतरी सीमा हवी, नाहीतर मागे राहिलेल्यांचे जगणेच थांबते. ओर्लांदींनी ती सीमा घालून घेतली नाही. एमान्युएला आज असती तर साठीच्या उंबरठ्यावर असती. ती परत येईल, अशी आशा करणे आता अवघड आहे, आणि पिएत्रोची मागणीही तेवढीच राहिलेली नाही. तो म्हणतो, काय झाले ते तरी सांगा.

ही मागणी फार मोठी नाही. कुठलेही राज्य त्याने कोसळणार नाही, कुठलाही धर्म बुडणार नाही. १९८३ साली जे तिशीत होते ते आज सत्तरीपार आहेत. त्यांतल्या कुणालातरी त्या सभ्य गृहस्थाचे नाव नक्की ठाऊक आहे. त्या माणसाने मरण्यापूर्वी चार ओळी लिहून ठेवल्या तरी पुरे. एवढ्या वर्षांत खोटी पत्रे शेकड्यांनी आली. एक खरे पत्र यायचे अजून बाकी आहे.